मुडदूस आणि दारातले ऊन

मूल दीड वर्षाचे झाले. अजून उभे राहत नाही. दात उशिरा आले. मनगटे जाड दिसतात. पुढे ते चालू लागते, पण पाय धनुष्यासारखे वाकतात. शेजारीण म्हणते, "दृष्ट लागली." आजी म्हणते, "मोठेपणी होईल सरळ." तोवर दिवस निघून जातात.

ही दृष्ट नव्हे. हा रोग आहे. त्याचे नाव मुडदूस. असे पाय आम्ही शाळेत पाहिले आहेत. मुले खेळायला धावत आणि ते पोर पायरीवर बसून राही.

हाड पक्के कशाने होते? कॅल्शियमने. ते पोटात गेले, तरी हाडापर्यंत पोचले पाहिजे. ते काम 'ड' जीवनसत्त्वामुळे होते. ते कमी पडले, की हाड मऊ राहते आणि अंगाच्या भाराने वाकते.

हे जीवनसत्त्व अन्नात फार थोडे असते. आईच्या दुधातही थोडेच असते. उघड्या कातडीवर ऊन पडले, की आपले शरीरच ते तयार करते.

कुणी म्हणेल, "खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरी हा रोग कसा येईल?" तर नाशिककडची हकिगत ऐका. हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी 1922 साली ती छापली. पडदा पाळणाऱ्या घरांतल्या बाया व तान्ही मुले अंधाऱ्या खोल्यांत राहत. खाण्याची ददात नव्हती, तरी तेथे मुडदूस होता. मजुरांची मुले अर्धपोटी, पण उन्हात वाढत. त्यांच्यात तो फारसा दिसला नाही.

आता आपण काय करावे?

मुलाला रोज थोडा वेळ उन्हात न्यावे. हातपाय उघडे ठेवावेत, डोक्यावर सावली असावी. अगदी कोवळ्या उन्हात हे काम थोडेच होते. सकाळी दहाच्या सुमारास पाच-दहा मिनिटे न्यावे. कातडी लाल होऊ देऊ नये. कडक उन्हाळ्यात जास्त जपावे. बंद काचेआडच्या उन्हाचा उपयोग नाही.

तान्ह्या बाळाला पहिले वर्षभर 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब देतात. रोजचे प्रमाण 400 युनिट असते. त्याविषयी नर्सबाईंना विचारावे.

नुसते ऊनही पुरत नाही. मोठ्या मुलाच्या ताटात दूध, दही, नाचणी, तीळ असावेत. मासे खाणाऱ्यांनी काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी नीट कुटून द्यावी.

पाय वाकलेले दिसले, तर तेल चोळत बसू नये. मुलाला आरोग्य केंद्रात न्यावे. औषध वेळेवर मिळाले, तर लहानपणी वाकलेले पाय पुष्कळदा सरळ होतात. उशीर झाला, तर शस्त्रक्रियेची पाळी येते. मात्र औषध आपल्या मनाने वाढवू नये. जास्त झाले, तर मूत्रपिंडाला इजा होते.

मुलीच्या बाबतीत तर हयगय नकोच. कमरेचे हाड वाकडे राहिले, तर पुढे बाळंतपणात तिच्या जिवावर बेतते.

ऊन विकत आणावे लागत नाही. ते आपल्या दारात आहे. मुलाला दाराबाहेर न्यायचे, एवढेच आपल्या हाती आहे.

प्रश्न
1. मुडदूस कसा ओळखावा?
2. नाशिककडच्या मजुरांच्या मुलांना काय मिळत होते?
3. आपल्या घरातले मूल आज उन्हात गेले का?