उभ्या विमानाचीही देखभाल

उडणारे विमान झिजते, हे सहज लक्षात येते. परंतु हँगरमध्ये उभे असलेले विमानही जीर्ण होत असते, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. हौशी वैमानिक व प्रशिक्षण संस्था वापरीत असलेले सेसना १७२ हे चार आसनी विमान याचे उत्तम उदाहरण होय.

या विमानाच्या अनेक प्रकारांत लायकोमिंग इंजिन असते. तेलगाळणी बसविलेल्या अशा इंजिनातील तेल ५० तासांच्या वापरानंतर किंवा ४ महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बदलावे, अशी उत्पादकाची शिफारस आहे. इंजिन बंद राहिल्यास हवेतील बाष्प आत साचते आणि पोलादी भागांना गंज चढतो. जमिनीवर थोडा वेळ इंजिन चालविणे हा त्यावर उपाय नव्हे. तेवढ्याने तेलातील पाणी निघून जात नाही. कोकणच्या दमट हवेत ही दक्षता विशेष आवश्यक ठरते.

इंधनात शिरलेले पाणी जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते. म्हणून उड्डाणापूर्वी तळाच्या झडपेतून थोडे इंधन काढून पाहावे. हवेत इंजिन बंद पडल्यास ते रस्त्याकडेला उभे करून दुरुस्त करता येत नाही.

भारतात उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्राबरोबरच दरवर्षी उड्डाणयोग्यतेचा आढावाही बंधनकारक आहे. देखभालीचे काम पूर्ण झाल्याची नोंद व अधिकृत अभियंत्याची स्वाक्षरी असावी लागते. ही केवळ कागदी औपचारिकता नव्हे. उड्डाणाचे तास विसरता येतील, उभे राहिलेले महिनेही विसरता येतील. नोंदवही मात्र दोहोंचा हिशेब ठेवते. त्या हिशेबावरच वैमानिकाचे प्राण अवलंबून असतात.