पक्ष्याचे छायाचित्र : चौकट, छाटणी आणि नाव



छायाचित्राखालील ओळी लिहिणे हा उपयोजित लेखनाचा एक प्रकार आहे. तथापि या ओळी लिहिल्या जाण्यापूर्वीच छायाचित्रकाराने अर्थाविषयीचे दोन निर्णय घेतलेले असतात. दृश्यातील कोणता भाग चौकटीत घ्यावा, हा पहिला निर्णय. त्याला रचना म्हणतात. टिपलेल्या चित्रातील किती भाग ठेवावा, हा दुसरा. व्यवहारात त्याला 'क्रॉप करणे' म्हणतात. प्रस्तुत घटकात आपण त्यासाठी 'छाटणी' हा शब्द वापरू. जुन्नर तालुक्यातील विद्यार्थ्यांना तो द्राक्षबागेतून परिचित आहे. एप्रिलमधील खरड छाटणी असो वा ऑक्टोबरमधील फळछाटणी, काडीवरील डोळे पाहून मगच कात्री चालवली जाते.

रचनेचे प्राथमिक नियम थोडक्यात सांगता येतात. पक्ष्याचा डोळा स्पष्ट असावा. तो ज्या दिशेला पाहतो वा उडतो, त्या बाजूस अधिक जागा मोकळी सोडावी. चोच चौकटीला टेकली की पाहणाऱ्याला कोंडल्यासारखे वाटते. उभ्याने खाली रोखून टिपण्याऐवजी बसून, शक्य तर आडवे होऊन, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून टिपावे. त्यामुळे मागची जमीन दूर जाते व अस्पष्ट होऊन पक्षी उठून दिसतो. एवढे सांभाळले तरी छाटणीच्या वेळी खरा प्रश्न उभा राहतोच : नेमके काय काढायचे?

येथे मराठी पक्षिनामे आपल्याला अनपेक्षित साहाय्य करतात. पिंपळवंडीच्या शिवारात नांगरट चालू असताना मागे चालणारे पांढरे पक्षी घ्या. 'गायबगळा' या सामासिक नावात पक्षी आणि त्याचा सहचर दोन्ही आहेत. गुरांच्या पायांमुळे गवतातील कीटक उडतात, ते हा टिपतो. छाटणीत गाय गेली की उरतो तो केवळ एक पांढरा बगळा. लहान बगळ्यापासून त्याला वेगळा ओळखण्यासाठी मग चोचीच्या पिवळ्या रंगाकडे पाहावे लागते. (आता पुष्कळदा गायीच्या जागी ट्रॅक्टर असतो. तो चित्राची शोभा घालवतो म्हणून कापून टाकण्याचा मोह होतो. माझ्या मते तो ठेवावा. नाव जुने आणि दृश्य नवे, हा भाषेच्या अभ्यासकाला तरी लाभच आहे.)

हाच विचार इतर नावांना लावून पाहा. येडगाव धरणाच्या उथळ पाण्यात उभा राहणारा शेकाट्या त्याच्या लांबसडक गुलाबी पायांनी ओळखला जातो. चौकट गुडघ्यापाशी कापली तर त्याची ओळखच तुटते. पाणकावळ्याचे पाणी, माळटिटवीचा माळ आणि सुगरणीचे लोंबते घरटे हे केवळ पार्श्वभूमीचे तपशील नाहीत. वाक्यात कर्ता असतो आणि त्याच्याविषयी काही विधान असते. या चित्रांत ते विधान परिसर करतो. पक्षी चौकटभर मोठा केला की कर्ता शिल्लक राहतो आणि विधान गळून पडते.

अर्थात हा नियम सर्वत्र चालत नाही. 'बुलबुल' हे फारसीतून आलेले नाव चौकटीविषयी काही सांगत नाही. 'टिटवी' हे नाव आवाजावरून पडले; आवाज चित्रात येत नाही, तो ओळींतच लिहावा लागतो. मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'सारखा संदर्भग्रंथ जवळ असावा तो यासाठीच.

आता छाटणीचे गणित पाहू. समजा, कॅमेऱ्याचे चित्र आडवे ६००० व उभे ४००० बिंदूंचे, म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदूंचे आहे. दोन्ही बाजू निम्म्या केल्या तर ३००० गुणिले २००० म्हणजे ६० लाख बिंदू उरतात. बाजू निम्मी, ऐवज मात्र चतुर्थांश. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले, तर मूळ चित्र २० इंच रुंद छापता येते आणि छाटलेले १० इंच. या पुस्तिकेच्या पानाला तेवढे पुरून उरते. हीच छाटणी ३०० मिलिमीटरच्या भिंगाला ६०० मिलिमीटरच्या भिंगाचा दृष्टिकोन देते. तेव्हा पक्षी लहान आला म्हणून खंत करण्याचे कारण नाही.

हे गणित मी विस्ताराने मांडले, कारण ते न कळलेला छायाचित्रकार पक्षी मोठा दिसावा म्हणून पुढे सरकतो. टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर, पुष्कळदा शेतातच, अंडी घालते. खड्यांत ती दिसत नाहीत. माणूस जवळ आला की पक्षी उठून डोक्यावर आरडाओरडा करीत घिरट्या घालतो. हे दृश्य कॅमेऱ्यात फार प्रभावी दिसते. पण तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडलेली असतात. टिटवी पोटाची पिसे भिजवून आणून अंडी गार ठेवते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काही मिनिटांचे मोल कळते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या संज्ञेच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे याचाही अंतर्भाव आहे. अर्थविस्ताराचे हे उदाहरण आपल्या विषयाच्या दृष्टीनेही नोंद घेण्याजोगे आहे : हाती बंदूक नसलेला माणूसही येथे शिकारी ठरू शकतो. म्हणून अशा वेळी दुरूनच टिपावे, घरी येऊन छाटावे आणि टिटवी चित्रात लहान राहिली तर राहू द्यावी.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील एका पक्ष्याचे दुरून घेतलेले छायाचित्र निवडा. त्याच्या दोन छाटण्या करा : एक केवळ पक्ष्याची, दुसरी परिसरासह. दोन्हींखाली प्रत्येकी दोन ओळी लिहा. पहिल्या चित्राच्या ओळींत कोणती माहिती शब्दांनी भरून काढावी लागली?

२. त्या पक्ष्याला आपल्या घरातील वडीलधारी माणसे कोणत्या नावाने ओळखतात, ते विचारून लिहा. त्या नावातील कोणता घटक आपल्या चौकटीत आला आहे आणि कोणता सुटला आहे?