सुगीचे उत्सव आणि बाईची हौस : वाशीम परिसरातील तीज व भुलाबाई

सुगीच्या उत्सवांचा उगम शोधताना लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी बहुधा एकच वाट चोखाळलेली दिसते. भूमी आणि स्त्री या दोघी प्रसवशील. म्हणून बीज, अंकुर, कणीस यांच्याशी निगडित विधी स्त्रियांच्या हाती आले आणि त्यांतून उत्सव निर्माण झाले, अशी ही उपपत्ती आहे. जेम्स फ्रेझर यांच्या ‘द गोल्डन बाऊ’ (१८९०) या ग्रंथाने तिला जागतिक मान्यता मिळवून दिली. मराठीत रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) मध्ये मातृदेवतेच्या सुफलतेचा जो मागोवा घेतला, त्याचे मोल वादातीत आहे. तथापि या उपपत्तीत एक उणीव राहून जाते. विधी करणारी बाई तीत भूमीचे प्रतिरूप म्हणून येते. तिला स्वतःला त्या विधीतून काय हवे असते, हा प्रश्न उपस्थितच होत नाही. वाशीम जिल्ह्यात पाळल्या जाणाऱ्या दोन उत्सवांच्या आधारे हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

ख्रिस्ती धर्माबाहेरच्या जुन्या श्रद्धा जपणाऱ्या स्त्रीला युरोपीय अभ्यासक ‘पेगन’ म्हणत आले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेड्यात राहणारा, इतकाच. आपल्याकडेही साहित्यशास्त्राने ‘ग्राम्यत्व’ हा काव्यदोष ठरविला. दोन्हीकडच्या शिष्टांचे या बाबतीत चांगलेच जमते.

जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान. परिसरातील तांड्यांवर श्रावणात तीज बसते. तांड्याच्या नाईकाची परवानगी घेऊन अविवाहित मुली लहान टोपल्यांत माती व खत भरतात आणि त्यांत गहू पेरतात. रोज पाणी घालावयाचे आणि फेर धरून गोरबोलीत गाणी म्हणावयाची, असा क्रम गोकुळाष्टमीच्या सुमारापर्यंत चालतो. अखेरीस अंकुर खुडून नाईकाला व जाणत्या मंडळींना दिले जातात; ते पागोट्यात खोवले जातात. टोपल्या वाहत्या पाण्यात सोडल्या जातात.

कर्नल जेम्स टॉड याने राजस्थानच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात (१८२९-३२) उदयपूरच्या गौरी-उत्सवाचे वर्णन केले आहे. तेथेही स्त्रिया जव पेरून अंकुरवितात, त्याभोवती फेर धरतात आणि कोवळे अंकुर पुरुषांना देतात. पुरुष ते पागोट्यात मिरवितात. बंजारा समाजाची परंपरा राजस्थानशी नाते सांगते, त्यामुळे या साम्याचे आश्चर्य वाटावयास नको. फ्रेझर यांनी नेमके हेच वर्णन घेऊन ते ग्रीक स्त्रियांच्या ‘अडोनिसच्या बागां’शेजारी ठेवले. त्या स्त्रिया कुंड्या-टोपल्यांत गहू, जव, भाजीचे बी पेरून आठ दिवस जोपासत आणि मग पाण्यात टाकीत. अंकुर वाढतात तसे शेतातील पीक वाढावे, यासाठीचा हा अनुकरणात्मक यातुविधी होय, असा त्यांचा निष्कर्ष.

येथे शेतकऱ्याची एक साधी शंका उभी राहते. वऱ्हाडात गहू हे रब्बीचे पीक; त्याची पेरणी दसरा-दिवाळीनंतरची. श्रावणात शिवारात सोयाबीन, तूर, कपाशी उभी असते. तिजेच्या टोपलीतला गहू ज्या ऋतूत उगवतो तो त्याचा नव्हे आणि त्याला कणीस कधीच येणार नसते. हीच शंका प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिसच्या तोंडी आहे : ज्याला आपल्या बियाण्याची काळजी आहे असा शहाणा शेतकरी ते ऐन उन्हाळ्यात अडोनिसच्या बागेत पेरील काय? मार्सेल देतिएन यांनी १९७२ मध्ये या बागा म्हणजे शेतीचे नेमके उलटे रूप आहे, असे दाखवून फ्रेझर यांची मांडणी फिरविली. त्यानंतर जॉन विंकलर यांनी १९९० मध्ये आणखी पुढचा मुद्दा मांडला. हे दोघेही पेरणाऱ्या पुरुषाच्या नजरेनेच पाहतात. घराच्या धाब्यावर रात्री एकत्र जमलेल्या, हसणाऱ्या स्त्रियांना आपल्या या खेळाचा जो अर्थ वाटत असेल तो निराळा असू शकतो. तिजेबाबत हा मुद्दा अधिकच लागू पडतो. पीक येणारच नाही असे धान्य जोपासण्याचे कारण पिकात शोधण्यापेक्षा जोपासणाऱ्या मुलीत शोधणे सयुक्तिक ठरते. ती अविवाहित आहे; थोड्याच काळात तांडा सोडून दुसरीकडे रुजणार आहे. टोपली पाण्यात सोडताना मुली रडतात, हे ध्यानी घेतले म्हणजे सुफलतेखेरीज आणखी काही येथे चालले आहे हे पटते.

भुलाबाईचा पुरावा शब्दांचा असल्याने अधिक स्पष्ट आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातील मुली मातीच्या भुलाबाई-भुलोबापुढे टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभारला जातो, म्हणून या उत्सवाला कृषिविधी म्हणणे सोपे जाते. परंतु गाण्यांत ज्वारी फारशी नाही. आहे ते सासर, माहेर, सासू, नणंद, दागिने, रुसवे आणि खाणे. अभ्यासकांनी या आशयाला बहुधा नंतरची भर मानले. मूळ विधी जुना, कौटुंबिक तक्रारी मागाहून आलेल्या, असा हा हिशेब. तो कशावरून करावयाचा?

भुलाबाई आणि हादगा या दोहोंत गायिले जाणारे कारल्याच्या वेलाचे गीत या दृष्टीने पाहावे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू आधी वेल लावावयास सांगते. वेल लावला की त्याला कारली येऊ दे, कारली आली की भाजी कर, भाजी झाली की खा, अशा अटी वाढत जातात. पेरणीपासून ताटापर्यंतचा सगळा कृषिक्रम या गीतात आहे. मात्र तो स्तुतीचा विषय नाही. तो अडवणुकीचे साधन आहे. पीक येणे म्हणजे येथे बाईच्या सुटकेची लांबवलेली मुदत. सुफलतेची उपपत्ती या गीताचे बी, वेल, फळ हे तपशील टिपून घेते आणि त्याचा सूर हातचा घालविते.

हा सूर आजचा नाही. वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या येथील शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन याने प्राकृतात ‘हरिविजय’ रचले. त्याच माहाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त साळीची शेते पिकून पांढरी पडू लागल्याने रडणारी एक मुलगी भेटते. शेत कापले की प्रियकराला भेटण्याची जागा जाणार, हे तिचे दुःख. तागाचे शेत अजून उभे आहे, अशी मैत्रीण तिची समजूत घालते. गावाची सुगी ती बाईची सुगी असतेच असे नाही, हे त्या गाथाकाराला ठाऊक होते.

‘हौस’ हा शब्द संशोधनात हलका वाटतो, पण या उत्सवांसाठी स्त्रिया स्वतः तोच वापरतात. घरोघरची खिरापत झाकून आणावयाची आणि इतर मुलींनी ती चवीवरून, वासावरून ओळखावयाची, हा भुलाबाईतला रोजचा खेळ त्या हौसेचाच. खिरापत कोणाला ओळखता आली नाही की त्या घरची मुलगी जिंकते. या महिन्याभरात घरकामातून सुटलेली संध्याकाळ मुलींची असते, आणि नव्याने सासरी गेलेलीला माहेरी येण्यास एक सबब मिळते.

जिल्ह्याच्या खरिपात ज्वारीची जागा आता मोठ्या प्रमाणात सोयाबीनने घेतली आहे. सोयाबीनच्या काडाचा मखर होत नाही. त्यामुळे कोजागिरीला चार धांडे मिळवावयाचे तर ज्याने गुरांच्या कडब्यापुरती ज्वारी पेरली आहे अशाचे शेत गाठावे लागते. ते शोधून आणण्याचे काम मुली भावाकडे सोपवितात, आणि गाणी तीच म्हणतात.