एकाच वाटेचं विमान आणि अटलांटिक

प्रश्न : मुलीनं माद्रिदहून बॉस्टनला जायचं इबेरियाचं तिकीट काढलं आहे. फोटोत पाहिलं तर विमानात मधे एकच वाट आणि दोन्हीकडे तीन-तीन खुर्च्या, आपल्या पुणे–दिल्लीसारख्याच! अटलांटिकवरून एवढंसं विमान? ही कंपनीची कंजुषी की धाडस?

उत्तर : धाडस मुळीच नाही. कंजुषी थोडी आहे, पण ती मुलीच्या फायद्याची आहे.

हे विमान एअरबस ए३२१एक्सएलआर. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचं पहिलं अटलांटिकपार व्यावसायिक उड्डाण याच मार्गावर झालं. इबेरियाच्या या विमानात १८२ आसनं आहेत, तर तिच्या मोठ्या ए३३० मध्ये २९० च्या आसपास. मोठ्या विमानात माणशी खर्च कमी पडतो, असं आपण ऐकतो. ते खरं, पण विमान भरलं तर. समजा, जानेवारीतल्या एखाद्या आडवारी १६० च प्रवासी आले. सव्वाशेहून जास्त खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ए३३० ला आपलं अवजड धड आणि इंजिनं वाहून न्यावीच लागतात, त्यासाठी इंधन जाळावंच लागतं. वीस वऱ्हाडी न्यायला कोणी अख्खी एसटी ठरवत नाही, तसंच हे.

अशा मार्गावर मोठं विमान परवडत नाही, तेव्हा कंपनी फेऱ्या कमी करते किंवा थेट सेवाच ठेवत नाही. एर लिंगस या आयरिश कंपनीनं २०२५ मध्ये डब्लिनहून नॅशव्हिल आणि इंडियानापोलिसला थेट विमानं सुरू केली, ती या छोट्या विमानाच्या बळावर.

मग हे आधी का सुचलं नाही? सुचलं होतं. एकाच वाटेचं बोइंग ७५७ वर्षानुवर्षं अटलांटिक ओलांडत होतं. पण पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो आणि हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. २०११-१२ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या युनायटेड कंपनीच्या काही ७५७ विमानांना इंधनासाठी वाटेत कॅनडात उतरावं लागलं. एक्सएलआरच्या पोटात मागच्या बाजूला सुमारे १२,९०० लिटरची जादा टाकी बसवली आहे, त्यामुळे पल्ला ८,७०० किलोमीटरपर्यंत जातो. अर्थात टाकीनं मालाची जागा खाल्ली. मालवाहतुकीवर चांगली कमाई होते तिथे मोठंच विमान बरं.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर ए३३० लाही इंजिनं दोनच असतात. एक बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठरलेल्या वेळेत विमानतळ गाठता आला पाहिजे, ही अट दोघांनाही आहे.

खुर्चीही अरुंद असेलच असं नाही. धड अरुंद असलं तरी एका ओळीत माणसं सहाच. एका ओळीत दहा जण बसवणाऱ्या बोइंग ७७७ मधली खुर्ची उलट बहुधा इंचभर कमीच भरते. खरी अडचण त्या एका वाटेची. जेवणाची गाडी मधे उभी राहिली की मागचा मागे, पुढचा पुढे. स्वच्छतागृहात जायचं असेल तर गाडी निघण्याआधी जाऊन यावं, एवढं मुलीला सांगून ठेवा.