बर्डिक यांचे दान

अमेरिकेत १९१० च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेली छोटी कार्डे घालीत असत. मुले ती हौसेने जमवीत. पुष्कळजण टाकून देत. जेफरसन बर्डिक या कामगाराने अशी हजारो कार्डे जपली व त्यांची सूची तयार केली. १९४७ पासून त्यांनी ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास अर्पण केली. संधिवाताने बोटे आखडली असताही ते स्वतः ती वह्यांत चिकटवीत. १९६३ च्या जानेवारीत काम संपले. मार्चमध्ये ते निवर्तले. त्या संग्रहात होनस वॅगनर या खेळाडूचे दुर्मिळ कार्ड आहे. तसलेच दुसरे कार्ड २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरांस विकले गेले. वस्तूची किंमत बाजारात ठरते. तिचे मोल मात्र जपणाऱ्यास आधीच कळलेले असते.