वाचवणारी बोट बुडते तेव्हा

अभ्यासासाठी शास्त्रपाठ : मार्क ४:३५-४१, लूक १०:२५-३७, लूक १३:१-५



आपल्या उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. पुढे कऱ्हाडला कोयना मिळते आणि सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळजवळ येरळा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात याच कृष्णेने सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी गाठली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ८ ऑगस्ट रोजी ब्रह्मनाळच्या पूरग्रस्तांना सुरक्षित जागी नेणारी बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. १७ जणांचा जीव गेला. त्यांत स्त्रिया होत्या, लहान मुले होती.

पुरात माणसे जातात हे नदीकाठच्या आपल्या गावांना नवीन नाही. पण ही माणसे वाचवणाऱ्या बोटीत चढली होती. मदत दारापर्यंत आली होती. श्रद्धेला खरा धक्का बसतो तो येथे. मार्कच्या शुभवर्तमानात वादळात सापडलेले शिष्य प्रभूला उठवतात आणि आम्ही मरतो आहोत याची तुम्हाला काळजी नाही काय, असे विचारतात. प्रभू वारा शांत करतो आणि त्यांची नाव तरते. ब्रह्मनाळची बोट तरली नाही. मग प्रभू तेथे नव्हता काय? हा प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धा सोडणे नव्हे. शिष्यांनीही तो प्रभूलाच विचारला होता.

१. मेलेल्यांवर दोष ठेवू नये

असे काही घडले की, ‘त्यांचे कर्म’, ‘देवाची शिक्षा’ असे शब्द सहज तोंडी येतात. येशूच्या काळीही लोक असेच बोलत. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण मेले होते. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते काय, असा प्रश्न प्रभू स्वतःच काढतो आणि स्पष्ट ‘नाही’ म्हणतो. मग तो ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाची हाक देतो. म्हणजे दुर्घटनेकडे पाहून दुसऱ्याचे पाप मोजायचे नाही, स्वतःचे जीवन तपासायचे. जेथे माणसाची चूक असेल तेथे ती देवाच्या नावावर घालायची नाही. बोटीत किती माणसे बसवावीत हे देव ठरवत नाही, आपण ठरवतो. ती चूक पुन्हा होऊ न देणे हाही पश्चात्तापाचाच भाग आहे.

२. शोमरोनी माणसाने जखमीला वाचवले काय?

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपल्याला पाठ आहे. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार देऊन तो पुढे गेला. तो जखमी पुढे जगला काय? शुभवर्तमान हे सांगत नाही. आपण तो जगला असे धरून चालतो. प्रभू मात्र तो जगला की नाही हे न सांगताच, तूही जाऊन तसेच कर, असे फर्मावतो. आज्ञा थांबण्याची आहे, जखमा बांधण्याची आहे. यश मिळालेच पाहिजे अशी आज्ञा नाही.

ज्यांच्या हातात माणूस दगावला आहे, त्यांनी हे मनात धरून ठेवावे. आपल्या गावाजवळून पुणे-बेंगळुरू महामार्ग जातो. अपघातस्थळी धावणारे १०८ रुग्णवाहिकेचे कर्मचारी, पोलीस, परिचारिका, अग्निशामक दलाचे जवान आणि पुरात उतरणारे तरुण यांना हा अनुभव येतो. ‘दोन मिनिटे आधी पोचलो असतो तर’ हा विचार त्यांना झोपू देत नाही. मार्थानेही येशूला असेच काहीसे म्हटले होते. तो आधी आला असता तर तिचा भाऊ मेला नसता. येशूने तिला रागावले नाही. लाजराच्या कबरेकडे जाताना तो स्वतः रडला. म्हणून वाचवणाऱ्याचे रडणे ही श्रद्धेची उणीव समजू नये.

३. सोबत राहणे

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. मदतीसाठी डोंगर चढताना अग्निशामक दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता असतानाच शोध थांबवावा लागला. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलाचे आध्यात्मिक सेवक, फ्रान्सिस्कन धर्मगुरू फादर मायकल जज, आपल्या जवानांसोबत जळत्या इमारतीत गेले आणि तेथेच त्यांना मरण आले. त्या दिवशी दलाचे ३४३ जण गेले. फादरांना ती इमारत सावरता आली नाही. पण त्यांचे जवान एकटे नव्हते. क्रूसाखाली उभ्या असलेल्या पवित्र मारियेलाही आपल्या पुत्राला खाली उतरवता आले नाही. ती तेथून गेली नाही, एवढेच शुभवर्तमान सांगते.

ब्रह्मनाळला प्रभू कोठे होता, याचे उत्तर आम्हांला क्रूसापाशीच सापडते. तो बुडणाऱ्यांबरोबर होता आणि हात पुढे करणाऱ्यांबरोबरही. ही श्रद्धा दुःख पुसून टाकत नाही. पण दुःखात सापडलेल्या माणसाला सोडून जाण्याची मुभाही ती देत नाही.

या आठवड्यात आपण काय करावे?

• घरातील प्रत्येकाला १०८ हा क्रमांक पाठ असावा. निदान एकाने प्रथमोपचार शिकून घ्यावेत.

• अपघात पाहून पुढे निघून जाऊ नये. मदत करणाऱ्याला पोलीस वा रुग्णालय नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या संरक्षणावर शिक्कामोर्तब केले आणि २०१९ पासून ते मोटार वाहन कायद्यातही आहे. कायद्यात अशा माणसाला ‘गुड समॅरिटन’, म्हणजे दयाळू शोमरोनी, असेच नाव आहे.

• बचावकार्यात असणाऱ्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला भेटावे. उपदेश करू नये, ऐकून घ्यावे. झोप उडाली असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास साथ द्यावी.

कुटुंबात चर्चेसाठी : दुसऱ्याच्या दुःखाला आपण कधी ‘शिक्षा’ म्हटले आहे काय? आपल्या हातून कोणी वाचले नाही, ते ओझे आपण प्रभूपुढे ठेवले आहे काय?

प्रार्थना : हे प्रभो, पाण्यात, दरडीखाली आणि रस्त्यावर गेलेल्यांना तुझ्या जवळ घे. जे त्यांना वाचवू शकले नाहीत त्यांच्या मनाला शांती दे. आणि उद्या कोणी हाक मारली तर आमचे पाय थांबू दे. आमेन.