धूर, जिना आणि भाडेकरू

दिल्लीतील अनाज मंडी येथील एका इमारतीत ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे आग लागून ४३ जण मरण पावले. तेथे काम करणारे मजूर तेथेच झोपत. त्यांपैकी बहुतेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, तर धुराने घेतला. अपूर्ण ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी संयोग पावण्याची त्याची शक्ती प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक असते. त्यामुळे झोपलेल्या माणसाची जाग येण्यापूर्वीच शुद्ध हरपू शकते. तापलेला धूर वर चढतो आणि सामाईक जिना त्याचे धुराडे बनतो. म्हणूनच जिन्यात रचलेली खोकी, जुन्या गाद्या ही केवळ अडगळ नव्हे.

भाडेकरूला इमारतीची वीजजोडणी बदलता येत नाही, हे खरे. परंतु बाहेर पडण्याची दुसरी वाट कोणती, खिडकीचे गज आतून उघडतात काय, हे त्याने खोली घेतानाच घरमालकास विचारावे. (पाण्याची वेळ आपण न चुकता विचारतोच!) आग लागल्यास बाहेर पडताना दार ओढून घ्यावे, बंद दारामुळे धूर काही काळ थोपतो. जिनाच धुराने भरला असेल, तर मात्र खोलीत राहून दाराच्या फटी ओल्या कापडाने बुजवाव्यात, १०१ क्रमांकावर कळवावे आणि रस्त्याकडील खिडकीतून हाका माराव्यात.